लाइलच्या माथी मारलेल्या दोन धावा

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेला मार्लिस क्रॉइट्झर हजर होती खरी, पण प्रवचनातलं एक अक्षर तिच्या डोक्यात शिरलं नाही. मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत हिरव्या पुठ्ठ्याचं स्कोअरबुक. दर थोड्या वेळाने ती पिशवीत हात घालून ते चाचपून बघत होती, जणू ते पाय फुटून निघून जाणार होतं. गेलं असतं तर बरंच झालं असतं, असंही एकदा तिच्या मनात आलं.

दीड वाजता चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बैठक होती. दर सप्टेंबरात, हंगाम संपला की, आजूबाजूच्या आठ गावांच्या बेसबॉल संघांचे आठ स्कोअरर आपापली पुस्तकं घेऊन तिथे जमायचे आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, ठरवायचे. बक्षीस म्हणजे भिंतीवरची एक ओकची फळी. तिच्यावर पितळेची छोटी पट्टी ठोकली जायची, पट्टीवर नाव. पूर्वी संघांचे मॅनेजर मत द्यायचे, पण एका वर्षी त्यावरून दोन गावांत इतकी जुंपली की एक ठरलेलं लग्न मोडलं. तेव्हापासून मत फक्त स्कोअररला. प्रत्येक चेंडू बघणारा आणि लिहिणारा तोच, म्हणून.

मार्लिस बावीस वर्षं सेंट ओडिलो गावाचं पुस्तक लिहीत होती. आठवडाभर ती दूध-संघाच्या ऑफिसात काम करायची आणि रविवारी मैदानावर, घरच्या संघाच्या बाकामागे, पत्र्याच्या छपराखाली बसायची. दोन पेन्सिली, एक खोडरबर, थर्मासमध्ये कॉफी. आधीचा स्कोअरर मोतीबिंदूने अधू झाला तेव्हा शेजारी बसून विणकाम करणाऱ्या मार्लिसच्या हातात त्याने पेन्सिल दिली होती, ती कायमचीच. तिच्या निर्णयावर कोणी वाद घालत नसे. बॅटर पहिल्या बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्याने की क्षेत्ररक्षकाच्या ढिसाळपणाने, हिट की चूक, हे घरच्या मैदानावर तिनेच ठरवायचं. स्वतःचा नवरा केन खेळत होता तेव्हा एकाच सामन्यात तिने त्याच्या नावावर दोन चुका लिहिल्या होत्या. त्या रात्री केनने आपलं ताट आपण वाढून घेतलं होतं. गावात तो किस्सा अजून सांगतात.

हिट की चूक, यात पिचरचं सगळं असतं. चुकीमुळे झालेली धाव त्याच्या माथी लागत नाही. हिटमुळे झालेली लागते. हंगामाच्या शेवटी माथी लागलेल्या धावांची सरासरी काढतात. ती जितकी कमी, तितका पिचर मोठा.

आणि जूनमधल्या तिसऱ्या रविवारी मार्लिसने आपल्याच पिचरच्या, लाइल ओब्रेख्तच्या, माथी दोन धावा मारल्या होत्या, ज्या त्याच्या नव्हत्या.

सामना शेजारच्या एल्म लेक गावाशी होता. सातवी इनिंग, दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एल्म लेकची माणसं. बॅटरने मारलेला चेंडू जमिनीवरून सरळ शॉर्टस्टॉपकडे, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे गेला, फार वेगातही नव्हता. शॉर्टस्टॉप वाकला, ग्लव्ह खाली नेला, आणि चेंडू ग्लव्हखालून, दोन पायांमधून मागच्या गवतात. दोन धावा. शॉर्टस्टॉप होता ट्रेव्हर, मार्लिसचा मुलगा. त्या दिवशी त्याच्या नावावर दोन चुका आधीच लागल्या होत्या. त्या तिने लिहिल्या होत्या, मुकाट्याने.

तिसरी तिला लिहवेना.

मार्चमध्ये ट्रेव्हर कॉलेज अर्धवट सोडून घरी आला होता. काय झालं ते त्याने सांगितलं नाही. एप्रिलमध्ये एक दिवस तो फोन घरीच ठेवून ट्रक घेऊन गेला आणि तीस तास आला नाही. शेवटी तळ्यावर, होड्या उतरवायच्या धक्क्याजवळ तो पोलिसांना सापडला, नुसता स्टिअरिंग धरून बसलेला. तेव्हापासून मार्लिसचे कान ट्रकच्या आवाजाला चिकटलेले. केन लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, आठवड्यातले पाच दिवस बाहेर. घरात ती आणि ट्रेव्हर. मे महिन्यात सराव सुरू झाला आणि मुलगा जरा जेवायला लागला, एकदोनदा हसलासुद्धा. आणि जूनच्या त्या रविवारी, चेंडू गवतात गेल्यावर, तो जिथे वाकला होता तिथेच वाकून राहिला. उभाच राहीना. मार्लिसने पेन्सिल टेकवली आणि हिट लिहिलं.

लाइलने पुढचा बॅटर बाद केला आणि बाकावर येऊन पाणी प्याला. तो काही बोलला नाही. तो कधीच काही बोलत नाही.

लाइल एक्केचाळीस वर्षांचा. त्याच्याकडे साठ गाई, रोज पहाटे आणि संध्याकाळी दूध काढायचं, आणि रविवारी पिचिंग. तेवीस हंगाम. चार वेळा तो फळीसाठी दुसरा आला होता. खांद्यातलं काहीतरी फाटलं होतं, ऑक्टोबरमध्ये शस्त्रक्रिया होती, आणि डॉक्टरने सांगून टाकलं होतं की यानंतर चेंडू फक्त कुत्र्यासाठी फेकायचा.

ऑगस्टच्या शेवटी मार्लिसने किराणा मालाच्या यादीच्या मागे हिशोब मांडला. लाइलची सरासरी १.८६. एल्म लेकच्या कॉलिन रूएटरची १.६९. त्या दोन धावा काढल्या तर लाइलची १.६६. तिने पुन्हा मांडला, तिसऱ्यांदा मांडला. आकडे तेच. आज हॉलच्या पायऱ्या उतरतानाही तिने ते मनात पुन्हा मांडून बघितले.

हॉलमध्ये कॉफीचं मोठं भांडं खदखदत होतं. टेबलावर हॅम सँडविच आणि लिंबाच्या वड्यांचं ताट. टेबलाच्या टोकाला मिस्टर एबल बसले होते, वय त्र्याऐंशी, लीगचे अध्यक्ष. बाकीचे त्यांना व्हर्ज म्हणायचे. मार्लिसला ते नववीत बीजगणित शिकवायला होते, त्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षीही तिच्या तोंडून मिस्टर एबलच निघायचं. त्यांना स्वतःचं मत नव्हतं, त्यांचं काम नियम वाचायचं.

"चौसष्ट इनिंगांत अठ्ठ्याऐंशी स्ट्राइकआउट," ड्वेन म्हणाला. ड्वेन एल्म लेकचा स्कोअरर, धंद्याने प्लंबर, आवाज पाइपातून आल्यासारखा. "अठ्ठ्याऐंशी! कॉलिनच्या चेंडूला बॅट लागायचीच नाही."

"ड्वेन, हा आकडा तू तिसऱ्यांदा सांगितलास," सिस्टर रोझालिन म्हणाल्या. "जपमाळ ओढतोयस का?" सिस्टर मठातल्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मठाशेजारच्या गावाचं पुस्तक त्या लिहायच्या.

"मी आपलं सत्य सांगतोय, सिस्टर."

"सत्य एकदा सांगितलं तरी पुरतं."

"आणि लाइलच्या ब्याण्णव इनिंग?" हर्ब नावाचा स्कोअरर वडी चावत म्हणाला. "तुझा पोरगा ऑगस्टच्या मधोमध पळाला. शेवटचे तीन रविवार, तो उकाडा, ते डास, त्यात उभा कोण होता?"

"पळाला काय? कॉलेजची टर्म सुरू झाली त्याची!"

"तेच म्हणतोय मी. लाइलच्या गाईंची टर्म संपतच नाही."

सगळे हसले. मार्लिसही हसली, पण तिचं हसू जरा उशिरा आलं. मग तिने लाइलची बाजू मांडायला सुरुवात केली. आपण फार भराभर बोलतोय हे तिला कळत होतं. लाइल तगड्या संघांविरुद्धच जास्त वेळा उतरला. आमच्या संघाने त्याच्यासाठी धावाच काढल्या नाहीत. "आणि त्याच्या मागे क्षेत्ररक्षण कसलं होतं ते तर तुम्हाला..." ती मध्येच थांबली.

"ऐका," ड्वेन म्हणाला. "शॉर्टस्टॉपची आईच सांगतेय म्हणजे खरंच असणार."

पुन्हा हसणं. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. मार्लिसचे कान मात्र तापले. तिला वाटलं, आपण काय करतोय? ज्याच्या माथी धावा मारल्या त्याचीच वकिली करतोय, म्हणजे त्या धावा न काढता तो जिंकावा आणि आपल्याला काही बोलावं लागू नये.

चिठ्ठ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात पडल्या. मिस्टर एबलनी एकेक उघडली, चष्मा वर करून वाचली. चार लाइलला, चार कॉलिनला.

"मतं समान," ते म्हणाले आणि पिवळट पडलेलं नियमांचं पान त्यांनी बोटाखाली धरलं. "समान मतं पडल्यास ज्याची सरासरी कमी तो. लाइल १.८६. कॉलिन १.६९."

ड्वेनने टेबलावर थाप मारली. "झालं! पट्टीवर रूएटरचं स्पेलिंग नीट घाला म्हणजे झालं."

"थांबा," मार्लिस म्हणाली.

तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने पुस्तक पिशवीतून काढलं आणि जूनचं पान उघडून टेबलाच्या मधोमध ठेवलं. एका चौकोनावर तिने बोट ठेवलं.

"सातवी इनिंग. इथे मी हिट लिहिलंय. तो हिट नव्हता. चूक होती. ट्रेव्हरची. त्या दोन धावा लाइलच्या नाहीत."

हर्बने मान वाकवून तो चौकोन पाहिला.

"तुला आत्ता तसं वाटतंय," हर्ब हळूच म्हणाला. "तीन महिन्यांनी कुणालाही काहीही वाटतं गं."

"मला तेव्हाच माहीत होतं, हर्ब. लिहिताना माहीत होतं."

"एक मिनिट," ड्वेन म्हणाला. "तो फटका आमच्या कर्टचा! तो हिट गेला तर कर्टची बॅटिंगची सरासरी चारशेच्या खाली येते. त्याच्या आईने त्या चारशेवर केक कापलाय, मार्लिस! सगळ्या गल्लीला वाटला!"

"तुझ्या कर्टचं काही जात नाही," मिस्टर एबल म्हणाले. "निर्णय बदलायचा तर सामन्यानंतरच्या मंगळवारपर्यंत. त्यानंतर पुस्तक बंद. हिट तो हिटच राहील. १.८६ ते १.८६च राहतील." मग ते मार्लिसकडे वळले, आणि नववीच्या वर्गात गृहपाठ न आणणाऱ्या मुलीकडे बघायचे तसंच बघितलं. "हे तू मंगळवारी सांगायला हवं होतंस."

"हो, मिस्टर एबल."

"मग बोलून उपयोग काय झाला?" हर्ब म्हणाला. तो लाइलच्या बाजूचा, पण आता त्याचा चेहरा उतरला होता. "उलट पंचाईतच केलीस. लाइलचे निम्म्याहून जास्त सामने तुझ्या पुस्तकात आहेत. एका ठिकाणी पोरासाठी वाकलीस, तर बाकी ठिकाणी कुणासाठी वाकली असशील ते मला काय माहीत? मी लाइलला मत दिलं ते या आकड्यांवरच की."

हे मार्लिसच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण बोललो की निदान लाइलचं भलं होईल, एवढंच तिने धरलं होतं. आता तिला दिसलं की खरं सांगून आपण त्याचं उरलंसुरलंही घालवायला निघालोय. चारचे तीन होतील.

सिस्टर रोझालिननी पुस्तक स्वतःकडे ओढलं. "ही टिंबं कसली?"

चौकोनांच्या कोपऱ्यात कुठे कुठे पेन्सिलीचं बारीक टिंब होतं.

"जिथे मला खात्री नसते तिथे देते. हिटही म्हणता येईल, चूकही. म्हणजे सोमवारी पुन्हा विचार करता येतो."

सिस्टर पानं उलटत गेल्या. कुणी त्यांना घाई केली नाही. ड्वेनने एक लिंबाची वडी घेतली आणि न खाता हातातच धरून ठेवली. पंधराएक मिनिटं तरी गेली असतील. मार्लिसच्या मनात सारखं येत होतं की ट्रेव्हर या वेळी काय करत असेल. गॅरेजमध्ये गवत कापायचं मशीन उघडून बसतो म्हणाला होता. ड्वेनची बायको फोनवर फार बोलते. ही बातमी घरी आपल्या आधी पोचता कामा नये.

"अकरा टिंबं," सिस्टर शेवटी म्हणाल्या. "त्यातली सात लाइलच्या किंवा तुझ्या मुलाच्या विरोधात गेलीत. जूनच्या त्या चौकोनात टिंब नाही."

"नाही. शंका नव्हतीच तिथे."

सिस्टरनी पुस्तक मिटलं. "व्हर्ज, आकडा बदलता येत नाही हे कळलं. मत बदलता येतं का?"

मिस्टर एबलनी नियमांचं पान उलटंसुलटं करून पाहिलं. "फळीवर पट्टी ठोकेपर्यंत येतं."

"मग माझी चिठ्ठी परत द्या. मी आकडा बघून कॉलिनला मत दिलं होतं. तो आकडा खोटा आहे हे आता मला ठाऊक आहे, मग ते पुस्तकात असो वा नसो." त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि हर्बकडे पाहिलं. हर्ब खूप वेळ डोकं खाजवत राहिला. मग त्याने आपली चिठ्ठी तशीच राहू दे म्हणून हात हलवला.

पाच विरुद्ध तीन. लाइल.

"ठीक आहे," ड्वेन म्हणाला. त्याने हातातली वडी ताटात परत ठेवली. "ठीक आहे. पण पुढच्या वर्षी सेंट ओडिलोला आमचा संघ येईल तेव्हा पुस्तक कुणाच्या हातात असणार, ते मला आजच कळायला हवं."

मार्लिसने दोन्ही पेन्सिली पुस्तकावर ठेवल्या आणि पुस्तक मिस्टर एबलच्या दिशेने सरकवलं. त्यांनी ते आपल्या बॅगेत ठेवलं. "जानेवारीच्या सभेत ठरवू," एवढंच ते म्हणाले. बावीस वर्षं. रिकामी पिशवी काखेत मारून ती पायऱ्या चढली तेव्हा सिस्टर मागून काहीतरी म्हणाल्या, पण ती थांबली नाही. तिला घर गाठायचं होतं.

ट्रेव्हर गॅरेजमध्येच होता. मशीन उघडं, सुटे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले. ती दारातच उभी राहून बोलली, एका दमात, कारण बसली असती तर राहिलं असतं.

तो ऐकत राहिला. हातातला पाना त्याने खाली ठेवला नाही.

"म्हणजे ती चूक होती."

"हो."

"सोपा चेंडू होता."

"हो, ट्रेव्ह."

"मॉम, मला वाटलं होतं चेंडू उसळला असेल." तो तिच्याकडे बघत नव्हता. "मला आठवतच नव्हतं नीट. डोळ्यांपुढे नुसतं गवत होतं. पण तू हिट दिलास. मी म्हटलं, मॉमने हिट दिलाय म्हणजे खरंच अवघड असणार. तिने डॅडलासुद्धा सोडलं नव्हतं. त्या रात्री मी झोपलो गं. किती दिवसांनी नीट झोपलो मी. कारण तू लिहिलं होतंस."

गेले काही दिवस तिने हजार गोष्टींची भीती धरली होती, त्यात ही नव्हती.

"मला वाटलं, तिसरी चूक तुला..."

"सोसणार नाही."

"हो."

"लाइलला माहीत होतं?"

"तो काही बोलला नाही."

"म्हणजे माहीत होतं." पाना त्याने वर्तमानपत्रावर टाकला. हात पुसले, पुसतच राहिला. मग खुंटीवरची ट्रकची किल्ली काढली.

"कुठे चाललास?"

"येतो."

"ट्रेव्ह, फोन घे. फोन तरी घेऊन जा."

त्याने खिसा चाचपला. होता की नव्हता ते तिला दिसलं नाही. ट्रक मागे सरकला, रस्त्याला लागला आणि डावीकडे वळला. डावीकडे हमरस्ता. डावीकडेच पुढे तळं.

सव्वाचार वाजले होते. मार्लिसने फोन लावला, उचलला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा लावला. गॅरेजमध्ये वर्तमानपत्राखाली, टेबलावर, खुर्चीवर शोधलं, फोन कुठे वाजतोय का म्हणून कान देऊन उभी राहिली. वाजत नव्हता. मग तो सोबत आहे, असं तिने स्वतःला समजावलं. सोबत आहे आणि उचलत नाही, हे जास्त वाईट की कमी, ते तिला ठरवता येईना. केनला लावला, तो नेब्रास्कात कुठेतरी गाडी चालवत होता, निरोप ठेवा म्हणून यंत्र बोललं. तिने निरोप ठेवला नाही. काय ठेवणार? गाडीत बसून ती तळ्यापर्यंत गेली. धक्क्यावर दोन म्हातारे मासे धरत बसले होते, ट्रक नव्हता. त्याने तिला धीर आला आणि लगेच गेला, कारण तळी या भागात पाय ठेवू तिथे आहेत. पोलिसांना कळवावं का? काय सांगायचं, बावीस वर्षांचा मुलगा तासाभरापूर्वी घराबाहेर पडला म्हणून?

ती घरी परत आली तेव्हा स्वयंपाकघरातला फोन वाजत होता. बूट न काढताच ती धावली.

"मार्लिस? आर्डिस बोलतेय." लाइलची बायको. मागे यंत्राची घरघर आणि गाईंचं हंबरणं. "अगं, तुझा ट्रेव्हर आमच्या गोठ्यात आहे."

मार्लिस भिंतीला टेकली. "काय करतोय?"

"आला, लाइलपुढे उभा राहिला, आणि म्हणाला की तो चेंडू माझा होता, सोपा होता, मी सोडला. लाइल म्हणाला, हो. बस्स. मग लाइलला उजव्या हाताने बादली उचलेना, हल्ली उचलतच नाही, तर ट्रेव्हरने उचलली. तेव्हापासून दोघं दूध काढताहेत. एक शब्द बोलत नाहीत बघ. मीच आपली गाईंशी बोलतेय."

"फळीचं कळलं का लाइलला?"

"व्हर्जचा फोन आला होता. लाइल ऐकून म्हणाला, बरं. आणि मग परत म्हणाला, बरं. दोनदा म्हणाला म्हणजे फार झालं म्हणायचं." आर्डिस थांबली. तिचा आवाज जरा सावध झाला. "तुझ्याबद्दल तो काही म्हणाला नाही. मी विचारलंही नाही. तुला खोटं कशाला सांगू?"

"नको सांगूस."

"अजून चाळीस गाई राहिल्यात. पोराला जेवायला घरी पाठवू की इथेच वाढू?"

मार्लिसने खिडकीतून बाहेर पाहिलं. मोकळ्या वाटेवर ट्रकच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. ये म्हणावं, आत्ता ये, मला दिसू दे, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

"त्यालाच विचार," ती म्हणाली.

पलीकडे आर्डिसने फोन छातीशी धरून हाक मारल्याचं ऐकू आलं. मग यंत्राची घरघर आणि बादलीचा आवाज. मार्लिस रिसीव्हर कानाला घट्ट धरून उत्तराची वाट बघत राहिली.

"तो म्हणतोय, काम संपलं की बघू," आर्डिस म्हणाली.